भांडण वर आल्यावर

वैशे, तू वर आलीस की तुझ्या दोन थोबाडीत द्यायच्या, असं मी विहिरीच्या काठावर उभी राहून ठरवलं होतं. हातात दोर होता आणि तोंडात शिव्या होत्या. पहिली थोबाडीत चार माणसांत मला गप्प केलंस म्हणून, आणि दुसरी तू खाली उतरलीस म्हणून. तू वर आलीस ती किसनभाऊच्या खांद्यावरून, मान लोंबकळत. माझा हात उचललेला तसाच राहिला. आज सोळा दिवस झाले. हात अजून शिवशिवतोय आणि मारायला तू नाहीस.

मला काही चांगलं लिहिता येत नाही. मी दहावी पास, पुढचं शिक्षण तुझ्या वाट्याला आलं. तुझ्या बॅगेत तुझी कामाची वही सापडली, तिची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहितेय. पुढच्या पानांवर तुझं बारीक अक्षर आहे, कुठल्या बाटलीत काय वाढलं आणि काय मेलं त्याचं. त्या पानांना मी हात लावलेला नाही. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझे सत्कार, सगळं दशक्रियेला माईकवर सांगून झालं. मला तुझ्याशी भांडायचंय. आपल्याला दुसरं काही कधी जमलंच नाही.

तुझ्या कपाळावरची खूण माझी होती. तू सहा वर्षांची, मी बारा. आप्पांनी मेंढरं आपल्या दोघींवर सोपवून बेल्ह्याचा बाजार गाठला होता. तुला म्हटलं, कोकरांकडं बघ. तू बघत बसलीस डबक्याकडं. त्यातलं हिरवं शेवाळ काडीनं वर काढायचं, पुन्हा सोडायचं, पुन्हा काढायचं. तेवढ्यात उसातून बिबट्या आला आणि कोकरू तोंडात धरून गेला. ते ओरडत होतं, ते अजून मला ऐकू येतं. मी धोंडा उचलला आणि तुला मारला. भळाभळा रक्त आलं. तू रडली नाहीस, धावत येऊन माझ्या मनगटाला कडकडून चावलीस. आप्पा आले तेव्हा दोघी रक्तानं माखलेल्या. त्यांनी आधी आपल्याला झोडपलं आणि मग हळद लावली. त्या दिवशी तुला शेवटची अंघोळ घालताना माझं बोट त्या खुणेवर गेलं. बाया म्हणाल्या, अगं पाणी घाल, थांबलीस का. माझ्या मनगटावरचे तुझे दात त्यांना माहीत नव्हते.

आई तर आधीच गेली होती, मग आप्पाही गेले. मेंढरं कमी केली, रान वाढवलं. तुझे दाजी, बबन, घरजावई म्हणून आले, आणि तुला मी पुण्याला धाडलं. वाटलं, मास्तरीण होशील, नाहीतर डॉक्टरीण. तू झालीस जंतूंची राखण करणारी. लोक विचारायचे, बहीण काय करते? मी म्हणायचे, सरकारी कामात आहे. खरं सांगायची लाज वाटायची गं. तुझी नाही, माझीच. मला ते सांगताच यायचं नाही.

तुझ्या प्रयोगशाळेत मी एकदाच आले. दारात तू पांढरा कोट घालून उभी, आणि कोटाच्या खिशाला चिमट्यानं अडकवलेला एक पिवळा डबा.

"हे काय गं, मोबाईल?"

"राखणदार हाय. वायू सुटला की बोंबलतो."

मग तू एका कपाटाचं दार उघडलंस. गरम झळ तोंडावर आली. आत काचेच्या बाटल्या, रबरी बुचं, वरून पत्र्याची टोपी आवळलेली. बाटल्यांत जरासं गढूळ पाणी. एवढ्यासाठी पोरीनं घर सोडलं? मला हसू पण आलं आणि राग पण.

"ही माझी मेंढरं," तू म्हणालीस. "तुझी गवत खात्यात, माझी विष खात्यात."

कुठल्या लांबच्या समुद्रातून आणलेली होती ती. त्या जहाजावर तू तीन दिवस नुसती ओकत होतीस, फोनवर मला ओकल्याचा आवाज येत होता आणि मी इकडून ओरडत होते, उतर म्हणून. समुद्रात कुठं उतरायचं! तळाशी, म्हणालीस, जमीन फाटलीय आणि तिच्या पोटातून उकळतं पाणी बाहेर फुटतंय. काळोख, वरून अख्ख्या समुद्राचं ओझं, मासा गेला तर शिजून निघेल. तिथल्या चिखलात ही तुझी मेंढरं राहतात. उकळीच्या जरा अलीकडचं पाणी त्यांना लागतं, त्याहून गार झालं की ती आखडतात. आणि त्यांचं खाणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. धुरातला तो वायू, ज्याला वास नाही, रंग नाही, आणि जो माणसाला झोपेतच उचलतो.

"आपल्या रगतात लोखंड असतं, ताई. हा वायू त्याला जाऊन चिकटतो. मग हवेतल्या चांगल्या वायूला बसायला जागाच ऱ्हात न्हाई. माणूस श्वास घेतंय, छाती हलतीय, आन् आतनं गुदमरतंय."

"आन् तुझे हे मुडदे?"

"ह्यांच्याकडं निकेलचा बारका तुकडा असतो. त्यानं ते वायूला पकडत्यात आन् पाण्याशी झुंजवत्यात. त्या झुंजीतनं ह्यांना ताकद मिळती, वर हायड्रोजन सुटतो. त्यावर उद्या गाड्या चालतील."

मी म्हटलं, चांगलं अन्न सोडून विषच का खायचं? तू माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, "तिथं दुसरं कायच न्हाई ना. ऊन न्हाई, गवत न्हाई, हवा न्हाई. जे पुढ्यात आलं ते खायचं, न्हाईतर मरायचं. आप्पा गेले तवा तू तरी दुसरं काय केलंस?" आणि कपाट बंद करून चहा आणायला गेलीस. मी तिथंच उभी होते. एवढं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललेलं नाही. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी तू चहा घेऊन आलीस तेव्हा मी म्हटलं, चहात साखर कमी आहे.

त्या चहावर तू आणखी एक सांगितलंस. त्या वायूनं मेलेलं माणूस पांढरं पडत नाही, गुलाबी दिसतं. गाल, ओठ, नखं सगळी गुलाबी, नुकतं न्हाऊन झोपल्यासारखं. मी म्हटलं, वंगाळ बोलू नको. तू हसलीस.

आता इंजिनाचं. त्यावर आपण तीन वर्षं भांडलो.

आप्पांची विहीर उन्हाळ्यात आटते, आणि मे महिन्यात सावड करून गाळ काढायचा ही आपल्या वाडीची रीत. आज माझ्या विहिरीवर सगळे, उद्या किसनभाऊच्या. लाईट दिवसा नसते, म्हणून पाणी उपसायला किसनभाऊचं पेट्रोलवरचं इंजिन, आणि ते अख्ख्या वाडीचंच. पाणी फार खाली गेलं की ते काठावरून ओढत नाही, म्हणून ते दोरानं विहिरीतल्या टप्प्यावर उतरवायचं आणि तिथंच चालवायचं. आमचे आजे करायचे, आप्पा करायचे, आम्ही करतो. हा वायू कळायला लागल्यावर तू पहिल्यांदा ते बघितलंस तेव्हा किंचाळलीस.

"ताई, ही विहीर न्हाई ऱ्हायली, ही माझी बाटली झाली! बूच तेवढं लावायचं बाकी हाय."

मी म्हटलं, शिकलीस म्हणून आम्हाला विहीर उपसायला शिकवू नको. तू म्हणालीस, मरशीला. मी म्हटलं, तुझ्या आधी नाही मरत. हो, असंच म्हणाले होते मी. तोंडाला लगाम नव्हताच माझ्या.

गेल्या दिवाळीला तू आलीस आणि भाऊबीज करून गेलीस. भाऊ नाही म्हणून दाजींनाच ओवाळायचीस. जाताना किसनभाऊच्या पडवीतल्या इंजिनाची ओढायची दोरी काढून घेऊन गेलीस, लाकडी मुठीसकट. चार दिवस शोधली. मग तूच फोन केलास, "दोरी माझ्याकडं हाय. न्यायची तर पुण्याला या." फोनवर मी तुला जे बोलले ते मेलेल्या माणसाला ऐकवू नये. किसनभाऊ हसून म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, बहीण लई गुणाची हाय." मी हट्टाला पेटले. मेंढरांचं नायलॉनचं दावं कापलं, गाठ मारली आणि इंजिनाला नवी दोरी केली. ती निसटायची. दहादा ओढावं तेव्हा इंजिन एकदा पेट घ्यायचं, हाताची सालपटं निघायची. पण तुझ्याकडं मागितली नाही.

तो दिवस तुला मी का सांगतेय, तू होतीस की तिथं. तरी सांगते, कारण तू नीट सांगू दिलं नाहीस.

सकाळपासून इंजिन चालू होतं. दाजी टप्प्यावर होते. किसनभाऊ आणि बाकीचे काठावरच्या यारीवर, टबातून गाळ वर ओढत. दुपारी सगळे जेवायला चिंचेखाली गेले. मी भाकरीचं गाठोडं घेऊन काठावर आले. दाजींनी खालून आवाज दिला, "बंद करू का गं? डोकं लई दुखतंय."

आणि मी म्हणाले, "बंद करू नका! परत पेटायचं न्हाई ते. या वर, जेवा, जाईल दुखणं."

मी म्हणाले. दुसरं कुणी नाही. बाकीचे लांब होते. ऐकलं ते दाजींनी आणि तू. तू एसटीतून उतरून बांधावरून येत होतीस, खांद्याला बॅग, बॅगेला तो पिवळा डबा. बॅग टाकलीस आणि माझ्या अंगावर आलीस.

दाजी वर येऊन हात धूत होते, आणि आपण दोघी बांधावर कुत्र्यांसारख्या. तू म्हणालीस, खुनी आहेस तू. मी म्हटलं, चोर आहेस तू, दोरी चोरलीस म्हणून ही पाळी आली. तू माझं मनगट धरलंस, मी झिंज्या धरल्या. पंचेचाळिशीची मी आणि चाळिशीला टेकलेली तू, मातीत. चिंचेखालची माणसं हसत होती, दोघी बहिणींचं नेहमीचंच म्हणून. आणि दाजी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले, ते कुणाला दिसलंच नाही.

मग किसनभाऊचा आवाज आला, "बबन! आरं बबन!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत दिसतं. दाजी टप्प्यावर पालथे. किसनभाऊ उतरायला निघाले, तू त्यांना कानाखाली वाजवलीस, गड्यासारख्या गड्याला. "एकामागं एक मराल, मुडद्यांनो! कोण बी उतरायचं न्हाई!" पिवळा डबा काठावर धरलास मात्र, तो बोंबलायला लागला. आकडा चढत होता. तू तो वाचलास आणि माझ्या हातात कोंबलास. कुणीतरी ओलं फडकं पुढं केलं, तू ते फेकून दिलंस, "ह्याला फडकं आडवत न्हाई." लिंबाचे डहाळे तोडून आणायला लावलेस, ते दोराला बांधून विहिरीत वरखाली हलवायला लावलेस, आतली हवा ढवळावी म्हणून. कमरेला दोर बांधलास. दुसरं टोक माझ्या हातात दिलंस, बाकीच्यांना माझ्या मागं लावलंस.

मी म्हटलं, "वैशे, न्हाई. तू न्हाई."

तू म्हणालीस, "दोर सोडू नको. भांडण वर आल्यावर करू."

पहिल्यांदा छाती भरून उतरलीस, इंजिन बंद केलंस, आणि वर आलीस. तोंड लाल, डोळे बाहेर. तेव्हाच धरायला हवं होतं तुला, बांधून घालायला हवं होतं चिंचेला. चार श्वास घेतलेस आणि पुन्हा गेलीस. इंजिन बंद झालं तरी वायू होताच ना गं तिथं, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुझ्याएवढं त्या अख्ख्या रानात कुणालाच माहीत नव्हतं. दाजींचं वजन तुला पेललं नाही. यारीचा दोर टबाला तारेनं आवळलेला, तो सोडवेपर्यंत कोण थांबतंय? तू तुझ्या कमरेची गाठ सोडलीस, त्यांच्या काखेखालून घेतलीस आणि आवळलीस. आणि ओरडलीस, "वढा!"

त्या एका ओरडण्यात तुझा राखून ठेवलेला श्वास गेला.

आम्ही ओढलं. जनावर ओढावं तसं ओढलं. दाजींचं डोकं दगडांवर आपटत आलं, रक्ताची रेघ उठली भिंतीवर, तरी ओढलं. माझ्या तळहातांची सालं दोराला लागून गेली. ते काठावर आले आणि मी खाली बघितलं. तू टप्प्याच्या वर तिसऱ्या पायरीवर होतीस, हात वर केलेला. तो हात दगड धरत होता आणि धरवत नव्हता. मग तू गाळात पडलीस. आवाज फार मोठा नव्हता. माझ्या कमरेला खोचलेला पिवळा डबा तेवढा बोंबलत होता, आणि मी त्याला शिव्या देत होते, गप बस, गप बस म्हणून.

किसनभाऊंनी तुला काढलं. तोवर यारीचा दोर मोकळा झाला होता.

तू गुलाबी होतीस, वैशे. गाल, ओठ, नखं. लग्नातसुद्धा तू इतकी गुलाबी दिसली असतीस का कोण जाणे, ते तू केलंच नाहीस. गाळ पुसला तसं बायांनी तोंडाला पदर लावले. "बगा बगा, कसं तेज चढलंय," एक म्हणाली. "आसरांनी नेली." विहिरीतल्या साती आसरा. दुसरीनं लगेच हात जोडले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीचं ठरलं. बाईमाणूस विहिरीत उतरलं, आसरा कोपल्या, दाजींना सोडलं आणि तुला ठेवून घेतलं. डॉक्टरांनी कागदावर वायूनं गुदमरून असं लिहिलं, पण तो कागद कोण वाचतंय? देवरुषी आला, कपाळभर भंडारा लावून, आणि म्हणाला, तेराव्याला विहिरीवर एडका कापा, खण-बांगड्या सोडा, नाहीतर आणखी एक घेतील.

आणि मी गप्प बसले. तू ऐकतेयस ना? तुझी ही भांडकुदळ बहीण, जी बाजारात दलालाची गचांडी धरते, ती दहा दिवस गप्प बसली. कारण आसरांनी नेलं म्हटलं की इंजिनाचं नाव येत नव्हतं, आणि इंजिनाचं नाव आलं नाही की माझं येत नव्हतं. दाजी नारायणगावच्या दवाखान्यातून डोक्याला पट्टी बांधून आले. त्यांनीही तेच धरलं. "मला त्या दिवसाचं काय बी आठवत न्हाई," म्हणाले. "आसराच असतील." मला बरं वाटलं, वैशे. थुंक माझ्यावर, पण मला बरं वाटलं. ऐकणारी दोन माणसं होती, त्यांतलं एक गेलं आणि एकाला आठवत नव्हतं.

नवव्या दिवशी तुझ्याबरोबर काम करणाऱ्या रेश्माचा फोन आला. रडत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, मॅडमच्या बाटल्यांचं काय करायचं? त्यांना वेळेवर वायू भरावा लागतो."

"कुठला वायू?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"तोच," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्यानं माझी बहीण मेली, तो पिऊन ती माजलेली तिकडं जगतायत! मी ओरडले, "उकळून मारा त्यांना!"

"उकळून नाही मरत ताई, त्यांना गरमच लागतं."

"मग कशानं मरत्यात?"

"बूच उघडलं की," ती म्हणाली. "आपली हवा लागली की मरतात."

मी फोन ठेवला. मग तुझी बॅग उघडली, सोळा दिवसांत एकदाच, तेव्हा. वही निघाली. आणि आतल्या कप्प्यात किसनभाऊच्या इंजिनाची दोरी, लाकडी मूठ, नीट गुंडाळून रबर लावलेली. तू ती परत द्यायला आणली होतीस, की दिवाळीपासून तशीच पडून होती? कुणाला विचारू? तू चोरली नसतीस तर इंजिन एका ओढीत पेटलं असतं आणि मी बंद करा म्हणाले असते. मी मागितली असती तरी तेच. मी दावं कापलं नसतं तरी तेच. दिवसभर मी ती दोरी हाताला गुंडाळत होते आणि सोडत होते, आणि कुणाची चूक जास्त ते मला ठरवता येत नव्हतं. अजून येत नाही.

दशक्रियेला घाटावर ही गर्दी. प्रवचन झालं. मग माईकवर श्रद्धांजली, एकामागून एक पुढारी, ज्यांना तुझं नाव चिठ्ठीवर बघून वाचावं लागत होतं. शेवटी देवरुषी उठला आणि म्हणाला, लेकीनं स्वतःला आसरांच्या पायी वाहिलं, विहीर आता जागृत झाली, पुढच्या आठवड्यात किसनच्या विहिरीचं काम आहे तिथंही आधी एडका द्या आणि मग खुशाल इंजिन सोडा.

खुशाल इंजिन सोडा. एवढं ऐकलं आणि मी उठले. बायांतून वाट काढली. चुलत्यांनी हात धरला, त्यांना कोपर मारलं. माईक हिसकला.

"माझ्या बहिणीला आसरांनी न्हाई नेलं. इंजिनाच्या धुरानं मारलं. ती गुलाबी दिसली ती त्याच वायूनं, तिनंच मला सांगितलं व्हतं. आन् इंजिन चालू ठिवा म्हणून म्या वरडले व्हते. बंद करू नका, म्या म्हणले. म्या! विहिरीत इंजिन सोडंल त्याचं तंगडं मोडीन!"

देवरुषी म्हणाला, "दुःखानं डोस्कं फिरलंय बाईचं," आणि माईकला हात घातला. मी तो माईक त्याच्या छाताडावर हाणला. स्पीकरमधून असा धाडकन आवाज आला की घाटावरचे कावळे उडाले. चारपाच जणांनी मला धरलं. मी लाथा मारत होते, तुझ्या नावानं ओरडत होते.

मग दाजी आले. गर्दीतून हळूहळू, पट्टीला हात लावून. मला वाटलं आता हे मला मारणार, आणि मारावंच. ते माझ्याजवळ वाकले आणि अगदी हळू बोलले, पण माईक चालूच होता, सगळ्या घाटानं ऐकलं.

"मला समदं आठवतंय. म्या कामाला न्हवतो उतरलो. बंद करायला उतरलो व्हतो. म्हणलं, इंजिन बंद झालं की तुमा दोघींचं भांडण मिटंल. तुला कळू नये म्हणून आसरा म्हणालो."

वैशे, आपलं भांडण मिटवायला गेला होता गं तो माणूस.

मग सगळे विहिरीवर गेलो. इंजिन अजून टप्प्यावरच होतं. किसनभाऊंनी ते यारीनं वर काढलं, आणि न सांगता घरी जाऊन घण घेऊन आले. "हाणा वहिनी," म्हणाले आणि तोंड फिरवून रडले. मी हाणला. पहिल्या घावाला ठिणग्या उडाल्या, दुसऱ्याला पत्रा फाटला, मग मोजलं नाही. तळहातांच्या जखमा फुटल्या, घणाचा दांडा रक्तानं निसटायला लागला, तेव्हा दाजींनी घण माझ्या हातातून घेतला. एडका तिथंच चिंचेला बांधलेला होता. मी त्याची गाठ सोडली, तो बांधाकडं चरायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी रेश्माला फोन केला. म्हटलं, घाल त्यांना खायला. बूच उघडायचं नाही. वैशी त्यांच्यासाठी समुद्रात ओकत गेली होती, त्यांना उपाशी मारलं तर ती मला सोडायची नाही. रेश्मा म्हणाली, हो ताई. आणि मग म्हणाली, मॅडम तुमच्याबद्दल सारखं बोलायच्या. मी विचारलं, काय बोलायची? म्हणाली, माझी ताई समुद्राच्या तळाशी टाकली तरी जगेल. साखरेवरून बोलले होते गं मी तुला.

पिवळा डबा आता माझ्या कमरेला असतो. काल शिनोलीकडच्या रस्त्यावर एका रानात विहिरीतून धूर निघताना दिसला. दाजींना गाडी थांबवायला लावली, जाऊन काठावर उभी राहिले. डबा बोंबलला. खालच्या लोकांना मी आईबहिणीवरून शिव्या घातल्या, त्यांनी मला घातल्या, एकानं तर ढेकूळ मारलं. पण वर आले, सगळे. मला येडी म्हणाले. मी त्यांच्याकडं नाही, विहिरीतच बघत होते. शेवटचा माणूस वर आला तरी मी बघत होते. दाजींनी दंडाला धरून मागं ओढलं.

तू म्हणाली होतीस, दोर सोडू नको. माझे हात बघायला ये. साल अजून आलेली नाही, भाकरी मोडवत नाही, दाजी भरवतात. मी दोर नव्हता सोडला, वैशे. तू सोडलास.